सेकंदात अठ्ठेचाळीस वेळा अंधार

चर्नी रोडला उतरून पूर्वेकडे आलं की थोड्याच वेळात ऑपेरा हाउस येतं. हे नाव आधी बसच्या पाटीवर भेटतं, मग हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांच्या पत्त्यांत, टॅक्सीवाल्याच्या तोंडी. आणि ज्या इमारतीवरून ते पडलं ती दिसते सगळ्यांत शेवटी. १९९३ पासून पुढची तेवीस वर्षं तर ती बंदच होती. एक अख्खी पिढी ‘ऑपेरा हाउसला उतरतो’ असं म्हणत मोठी झाली आणि आत काय आहे हे तिला माहीतच नव्हतं.

रॉयल ऑपेरा हाउसची कल्पना १९०८ सालची. कलकत्त्याकडून नाटकमंडळ्या चालवणारे मॉरिस बँडमन आणि मुंबईचे जहांगीर करका यांनी ती मांडली. १९११ मध्ये पाचव्या जॉर्ज बादशहाने उद्घाटन केलं तेव्हा बांधकाम अपुरंच होतं. ते पुढच्या वर्षी पुरं झालं. नाव ऑपेराचं असलं तरी या रंगमंचावर बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वी थिएटर्सची नाटकं झाली. चित्रपटाने इथे हळूहळू जागा धरली आणि १९३५ नंतर आयडियल पिक्चर्सच्या काळात तोच मुख्य झाला. १९५२ मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ही वास्तू घेतली. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये तिचं दार पुन्हा उघडलं, तेही चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने, आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोने या कामाचा गौरव केला.

आता इथे मुख्यतः गाणं आणि नाटक असतं, पडदा कधीमधी लागतो. पण लागतो त्या संध्याकाळी जावं. आवाजासाठी बांधलेल्या खोलीत चित्र दाखवायचं म्हणजे किती गोष्टी जुळवाव्या लागतात, ते इथे बसल्या बसल्या समजतं.

बंद पडलेलं थिएटर चालू थिएटरपेक्षा लवकर मोडतं. कारण साधं आहे: मे महिन्यात गच्चीवर कोणी चढत नाही. पन्हळीत पानं साचतात, पहिल्या पावसात पाणी तुंबतं आणि छत जिथे भिंतीला टेकतं त्या सांध्यातून आत उतरतं. आत लोखंडी तुळया असतात. लोखंड गंजलं की मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतं. ती जागा त्याला दगड आणि गिलावा फोडूनच मिळते. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी येतं, भेगेत रुजतं, आणि दोन पावसाळ्यांत मूळ दगडाच्या मागे पोचलेलं असतं. वरून खोड छाटून भागत नाही, मूळ जिवंत राहिलं तर पुढच्या वर्षी तेच झाड दुप्पट जोमाने येतं. घुमटाच्या खालची नक्षी प्लास्टरची असेल तर तिला पाण्याचा थेंबही लागत नाही. मुंबईची दमट हवाच ती भुसभुशीत करायला पुरते.

अशा इमारतीला सिमेंटचा गिलावा लावणं ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक. जुनी भिंत चुन्याची असते. ती पाणी शोषते आणि सावकाश बाहेर सोडते. वरून सिमेंट चढवलं की ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि दोन-तीन वर्षांत सिमेंट आपल्याबरोबर जुन्या दगडाचा पापुद्रा घेऊन गळतं. म्हणून आधी सगळं सिमेंट उतरवायचं, भिंत सुकू द्यायची, मग चुना. सुकण्यात एखादा हंगाम सहज जातो आणि पैसे देणाऱ्याला नेमका तोच वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. नक्षीच्या बाबतीत, जो तुकडा सर्वांत धड उरला असेल त्याच्यावर रबराचा साचा घ्यायचा, त्यात तागाचे धागे घालून प्लास्टर ओतायचं, आणि नवा तुकडा तारेने मागच्या सांगाड्याला बांधायचा. नुसता चिकटवला तर वरच्या मजल्यावरच्या पावलांनी कधीतरी सुटतो. मूळ रंग शोधायला भिंतीच्या एका कोपऱ्यात धारदार पात्याने एकेक थर खरवडतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. सर्वांत खालची पायरी म्हणजे पहिल्या दिवसाचा रंग. सोनेरी रंगाला तर परीक्षा लागतच नाही. खरा वर्ख असेल तर शंभर वर्षांनीही तो सोन्यासारखाच राहतो, पितळेची पूड घालून केलेला सोनेरी रंग काळपट-हिरवा पडतो.

फोयरमध्ये, म्हणजे प्रवेशदालनात, थोडं थांबावं. लोक तो ओलांडून धावतात, पण त्याचं काम डोळ्यांसाठी आहे. रस्त्यावरच्या उजेडातून थेट अंधारात गेलं तर डोळ्यांना नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आधी मंद उजेडाच्या जागेत पाच-दहा मिनिटं गेली तर पहिली पायरी तिथेच चढून होते. जुन्या थिएटरात दारापासून खुर्चीपर्यंत उजेड टप्प्याटप्प्याने उतरत जायचा. डोअरकीपर बॅटरी पायांवर मारायचा, तोंडावर कधीच नाही, तेही याचसाठी. जीर्णोद्धारात झुंबरं परत येतात तेव्हा त्यांत भगभगीत पांढरे एलईडी बसवण्याचा मोह आवरावा लागतो. झुंबर पिवळ्या, मंद दिव्यांचंच हवं, आणि ते कमी-जास्त करता येणारं हवं. स्वस्त एलईडी मंद करताना एका पातळीला लुकलुकतात आणि मग एकदम विझतात. दिवे विझण्याचा तो लांब उतार, ज्यात बोलणी आपोआप खाली येतात, तो मग हरवतो.

आत बसल्यावर वर बघायच्या आधी ऐकावं. या सभागृहाचं छत असं केलेलं आहे की गॅलरीतल्या माणसालाही गायकाचा शब्द पोचावा, आणि तोही ध्वनिक्षेपकाशिवाय. त्यासाठी खोलीने आवाज थोडा धरून ठेवावा लागतो. गाण्याला सव्वा ते दीड सेकंदाचा घुमारा हवा असतो. त्यामुळे सुरांना अंग येतं. चित्रपटाचं उलट. त्याचा घुमारा ध्वनिमुद्रणातच असतो. खोलीने आपला आणखी घातला की संवाद चिखलात गेल्यासारखे होतात. याच आकाराच्या चित्रपटगृहात घुमारा एका सेकंदाच्या आत हवा.

हिशेब सोपा आहे. खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषून घेणारं एकूण क्षेत्र. समजा सभागृह पाच हजार घनमीटरचं आहे. १.४ सेकंदांचा घुमारा असेल तर शोषण साधारण ५७५ चौरस मीटरचं आहे, तो ०.९ वर आणायचा तर जवळपास ८९५ लागेल. मधले सव्वातीनशे कुठून आणायचे? गच्च बसलेला एक प्रेक्षक सुमारे अर्ध्या चौरस मीटरचं काम करतो. साडेपाचशे माणसं म्हणजे पावणेतीनशे. म्हणजे हाऊसफुल्ल झालेलं थिएटर नुसतं आनंदाने नव्हे, ऐकायलाही चांगलं असतं, आणि रिकाम्या मॅटिनीला तेच संवाद घुमतात. म्हणून खुर्चीचं कापड महत्त्वाचं. जाड मखमल आणि आत स्पंज असेल तर रिकामी खुर्चीसुद्धा माणसाइतकं शोषते आणि प्रेक्षक दोनशे असोत की पाचशे, आवाज बदलत नाही. रेक्झीन पुसायला सोपं, म्हणून व्यवस्थापनाला आवडतं. आवाजाच्या दृष्टीने ते भिंतीसारखंच. गाणं आणि चित्रपट दोन्ही करायचे असतील तर मागच्या भिंतीवर जाड पडदे बसवायचे, चित्रपटाच्या वेळी ओढायचे आणि गाण्याला सरकवून ठेवायचे. स्पीकर खाली प्रेक्षकांवर रोखायचे, कोरीव कठड्यावर नाही. नक्षी आवाज विखुरते हे चांगलंच, पण बाल्कनीचा वक्र कठडा तो गोळा करून पुन्हा रंगमंचाकडे फेकतो.

पडद्यालाही भोकं असतात, सुमारे एक मिलिमीटरची, हजारो. त्यांच्यामागे स्पीकर उभे असतात, म्हणून शब्द तोंडातून आल्यासारखा वाटतो. भोकांमधून थोडा प्रकाशही मागे निसटतो. तो मागच्या पांढऱ्या भिंतीवर पडून परत आला तर चित्रावर ठिपक्यांची भुतं दिसतात. पडद्यामागे सगळं काळं हवं. ज्या रंगमंचावर उद्या नाटक आहे तिथे हे काळं कापड दर वेळी लावावं-काढावं लागतं, आणि घाईत राहून जाणारं पहिलं काम तेच असतं.

नाटकघराला प्रोजेक्शन रूम मागाहून मिळते, बहुधा सगळ्यांत वर, सगळ्यांत मागे. तिथून झोत तिरका खाली येतो आणि चौकोनाचं समलंब होतं, खालची बाजू रुंद. उपाय दोन: पडदा थोडा मागे कलता बांधायचा, किंवा प्रोजेक्टरच्या चौकटीची पट्टी कानशीने घासून उलट तिरकी करायची. जुने ऑपरेटर दुसरा करत. चौकट दिसायला सरळ होते, आतली माणसं तळाशी जराशी पसरटच राहतात.

या खोल्यांच्या जाड भिंती आणि लोखंडी दारं पाहून आज नवल वाटतं. १९५० च्या सुमारापर्यंत फिल्म नायट्रेटची होती. पेटली तर ती स्वतःतलाच प्राणवायू वापरते. पाण्यात बुडवली तरी जळत राहते. म्हणून झरोक्यांवर लोखंडी झडपा असत, वितळणाऱ्या धातूच्या दुव्यांवर टांगलेल्या. आग लागली की दुवा वितळायचा, झडप आपोआप पडायची, आणि प्रेक्षकांना ज्वाळा न दिसता फक्त पडदा काळा झालेला दिसायचा. जीर्णोद्धारात ही झडप भंगारात जाते. ती ठेवावी. त्या खोलीत माणूस कशाच्या शेजारी बसून काम करत होता ते तिच्याशिवाय सांगता येत नाही.

आणि काम काय होतं? पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं. सेकंदाला चोवीस चित्रं म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला नव्वद. एक हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या असायची आणि ती दिसताच प्रेक्षागृहात कोणीतरी मोठ्याने वाचायचं. सोळा रिळं म्हणजे जवळजवळ तीन तास, पैसे वसूल.

फिल्म सरळ वाहत नाही. दिव्यासमोर प्रत्येक चित्र क्षणभर ठाम थांबलं पाहिजे, आणि मग झटक्यात पुढचं आलं पाहिजे. हे काम चार खाचांचा एक क्रॉस करतो, तेलात बुडालेला. फिरत्या चकतीवरची खुंटी त्याच्या खाचेत शिरते, त्याला पाव फेरा देते आणि निघून जाते. सेकंदाच्या शहाण्णवाव्या भागात चित्र बदलतं, बत्तिसाव्या भागाइतकं स्थिर राहतं. बदलताना दिसू नये म्हणून समोर दोन पात्यांचं शटर फिरतं: एक पातं बदल झाकतं, दुसरं स्थिर चित्रालाच एकदा मध्ये झाकतं. ते कशाला? चोवीस लुकलुकी डोळ्याला टोचतात, अठ्ठेचाळीस टोचत नाहीत. तीन तासांच्या चित्रपटात प्रेक्षक जवळपास दीड तास खरोखर काळ्या पडद्याकडे पाहत असतो आणि त्याला ते कळत नाही. मला या कलेतलं सगळ्यांत सुंदर सत्य हेच वाटतं. शटर जराही पुढे-मागे झालं तर ते उघडं पडतं: काळ्यावर पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली धुराची शेपटी फुटते.

मूकपटाचा वेग याहून कमी होता, साधारण सेकंदाला सोळा, म्हणजे एका सेकंदाला बरोबर एक फूट. तिथे शटरला तीन पाती असत; सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. इथून जवळच, गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये, ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा पहिला चित्रपट लागला. लांबी ३,७०० फूट. सोळाच्या वेगाने तो तासाभराचा होतो. बोलपटाच्या यंत्रावर चढवला तर एकेचाळीस मिनिटांत संपतो आणि राजाराणी दुडूदुडू धावतात. मूकपटातली माणसं हास्यास्पद चालतात हा समज चुकीच्या वेगाने दाखवलेल्या प्रयोगांनी पसरवला. जीर्णोद्धार झालेल्या थिएटरात मूकपट लावणाऱ्याने पहिला प्रश्न वेगाचा विचारावा.

आवाजाची पट्टी चित्राच्या कडेला असते, पण ती वाचणारा दिवा खाली वीस चित्रं अंतरावर, कारण वर फिल्म धक्क्याधक्क्याने चालते आणि आवाजाला संथ प्रवाह लागतो. मधे फिल्मचा एक सैल फास ठेवतात. तो फास दोन चित्रांनी मोठा झाला की ओठ आधी, शब्द मागून. वरच्या बाजूचा तसाच फास नाहीसा झाला तर भोकं फाटतात आणि पट्टी तुटते. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेची तर वेगळीच गोष्ट: पडदा तीस मीटर दूर असेल तर आवाजालाच तिथे पोचायला दोन चित्रांइतका वेळ लागतो. यंत्र अचूक असूनही तिथल्या माणसाला ओठ किंचित पुढे दिसतात. मधल्या रांगांची तिकिटं आधी संपतात त्यामागे हेही एक कारण असावं.

जुना दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या, टोकाला टोक न लावता समोरासमोर धरलेल्या, मधे वीज. धन कांडी लवकर जळते. अंतर वाढलं की प्रकाश मंदावतो आणि रंग ढळतो, कमी झालं की थरथरतो. कांडीवरच्या तांब्याचा वितळलेला थेंब आरशावर उडाला तर कायमचा डाग. धूर जायला छपरातून धुराडं लागे. अनेक जुन्या थिएटरांच्या माथ्यावर ते अजून दिसतं. ऑपरेटर काळ्या काचेतून कांड्यांकडे पाहत, एका हाताने त्या पुढे सारत आणि दुसऱ्याने पुढचं रीळ चढवत बसलेला असे.

रीळ बदलणं ही त्याची खरी कसोटी. जोड-रीळ दोन हजार फुटांचं, बावीस मिनिटांचं. संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक टिकली चमकते: दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू. शेवटच्या सेकंदाला दुसरी टिकली: एकाची झडप बंद, दुसऱ्याची उघडी. प्रत्येक टिकली फक्त चार चित्रांपुरती, सेकंदाचा सहावा भाग. जमलं तर कोणाला काही कळत नाही. गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटची टोकं सगळ्यांत आधी झिजतात; प्रत्येक तुटीबरोबर दोन-चार चित्रं कापून जोड मारला जातो आणि हळूहळू टिकलीच कापली जाते. मग पुढचा माणूस सुईने आपली खूण ओरखडतो, त्याच्या पुढचा आणखी एक. जुनी प्रिंट पाहताना दर वीस मिनिटांनी चित्रावरच्या रेघांचा पाऊस वाढतो, संवाद उडी मारतो आणि कोपऱ्यात ओरखड्यांची गर्दी होते, ते यामुळे. पस्तीसची प्रिंट आज कुठे लागणार असली तर हात जोडून जावं, पण पेटी उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ती यंत्रावर चढवू नये. अ‍ॅसिटेट, म्हणजे नायट्रेटनंतरच्या फिल्मचं प्लास्टिक, सडू लागलेलं असतं, फिल्म आक्रसलेली असते, आणि यंत्राच्या दातांना तिची भोकं जुळत नाहीत.

आता बहुतेक ठिकाणी पेटीऐवजी हार्ड डिस्क येते, आणि तिच्यासोबत एक डिजिटल किल्ली: अमुक यंत्र, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत. सर्व्हरचं घड्याळ चुकलं किंवा यंत्र बदललं की शो सुरूच होत नाही, म्हणून आदल्या दिवशी पाच मिनिटं तरी लावून बघायचं. उजेडाचंही माप आहे, पडद्यावर दर चौरस मीटरला ४८ कँडेला. दिव्याचं वय झालं की ते निम्म्यावर येतं आणि चित्र मळकट दिसतं. दोष मात्र जुन्या चित्रपटाला दिला जातो. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौकोनी, १.३७ ला १. ती रुंद पडदा भरण्यासाठी ताणली की माणसं जाडी होतात, कापली की डोकी उडतात. दोन्ही बाजूंचे काळे पडदे चित्राच्या कडेपर्यंत आणावेत, एवढंच करायचं असतं. डिजिटलचा काळा खरा काळा नसतो, करडा असतो. कापड नसेल तर चित्र त्या करड्यात तरंगत राहतं. ऑपेरा हाउससारख्या जागी मूळ मंचाची चौकटही फार रुंद नसते, तिथे हे जुनं चित्र फार शोभतं.

चर्चगेटसमोरचं इरॉस १९३८ चं. तेही बंद पडून २०२४ मध्ये उघडलं. बाहेरची लाल दगडाची वास्तू जपली आणि आत नवं आयमॅक्स बसवलं. वास्तू वाचली याचं मोल मोठं आहे. पण ऑपेरा हाउसमध्ये बाल्कनी, घुमट आणि मंच एकाच नजरेत येतात, आणि चित्र सुरू व्हायच्या आधीचं ते पाहणं माझ्या लेखी तिकिटात धरलेलं आहे.

मध्यंतर झालं की दिवे एकदम पूर्ण लावू नयेत. त्या दहा मिनिटांत बटाटावडा खाणाऱ्याला अर्धा उजेड पुरतो आणि उत्तरार्धासाठी डोळे तयार राहतात. शेवटी नावं सरकत असताना दिवे तसेच हळू चढतात, आधी कठड्याखालचे, मग बाजूचे, घुमटाचे सर्वांत शेवटी. बाजूची दारं बाहेरच्या दिशेने उघडतात. गल्लीतली हवा आत येते, घुमारा पुन्हा वाढतो, कारण माणसं निघाली आणि त्यांच्याबरोबर त्यांनी शोषलेला आवाजही गेला. खुर्च्या एकामागून एक मिटतात ते आता लांबपर्यंत ऐकू येतं.

वरच्या खोलीत, कार्बनच्या जागी आलेला झेनॉन वायूचा दिवा विझवला तरी पंखा बंद करायचा नसतो. थंड दिव्यातही वायू दाबाखाली असतो. तापलेला असताना तर तो दाब फारच वाढलेला असतो आणि हवा अचानक तोडली तर काच तडकू शकते. दहा-पंधरा मिनिटं पंखा चालू ठेवतात. खाली झाडणारी माणसं मागच्या रांगेपासून सुरुवात करतात. झुंबर मंद केलेलं असतं, पडद्यावर काही नसतं, आणि झरोक्यातून त्या पंख्याची एकसुरी घरघर सगळ्या सभागृहाला ऐकू येत असते, तो थांबेपर्यंत.